उजव्या बुटाची बाहेरची कड आणि साडेचार हजारांचे इनसोल

गोडोलीकर

नमस्कार मंडळी. वय ४४, नोकरी खुर्चीवरची, राहायला साताऱ्यात. लॉकडाऊननंतर पळायला लागलो ते अजून सुटलेलं नाही. आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट, रविवारी जमलं तर कासच्या रस्त्याला आणखी पुढे. हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली आहे. वेळ विचारू नका.

अडचण अशी की माझा उजवा बूट टाचेच्या बाहेरच्या कडेला भयंकर झिजतो. डावाही तिथेच झिजतो, पण निम्मा. गेल्या दिवाळीत एका दुकानात (नाव आणि गाव दोन्ही सांगत नाही) पाय स्कॅन करून घेतले. काचेवर उभं केलं, पडद्यावर लाल-पिवळे डाग उमटले, आणि "साहेब, टाच आत कलतेय, ओव्हरप्रोनेशन आहे" म्हणून आतल्या बाजूला उंच कमान असलेले इनसोल गळ्यात मारले. साडेचार हजार रुपये.

तेव्हापासून उजवा घोटा बाहेरच्या बाजूला तीनदा मुरगळला. एकदा घाट उतरताना, एकदा कासला जांभ्यावर, आणि तिसऱ्यांदा, सांगायलाही लाज वाटते, मंडईत. हातात मेथीची जुडी होती.

टाच खरंच वाकडी असते का? असली तर सरळ करायची असते का? आणि सवय होईल म्हणून हे इनसोल घालत राहू की माळ्यावर टाकू?

खवचट_नाना

एसटीच्या वर्कशॉपात ३२ वर्षं काढली. टायर एका कडेला झिजला की आम्ही कॅम्बर बघायचो. चाक वरून बाहेर झुकलंय की आत, तेवढं कळलं की निम्मं काम झालं. तुमच्या पायाचा कॅम्बर गेलाय. आणि दुकानदाराने तो बघितला नाही, तुमचं पाकीट बघितलं.

कऱ्हाडी_धाव

+१ नाना. हे सगळं प्रोनेशन प्रकरण बूट खपवायची युक्ती आहे. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या लोकांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पळवलं होतं, २०१४ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांचे पाय आत कलणारे होते त्यांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. माझे दोन्ही पाय पत्र्यासारखे सपाट आहेत, दहा वर्षं पळतोय, काही होत नाही. इनसोल फेका.

कृष्णाकाठ

मी सांगलीत फिजिओ आहे. इथे एरवी नुसती वाचत बसते, पण नानांच्या कॅम्बरने हात शिवशिवले.

आधी शब्दांचा घोळ. पेशंट "टाच आत गेलीय" म्हणतो तेव्हा मला दरवेळी विचारावं लागतं, घोटा आत की तळवा आत? दोन्ही उलट गोष्टी आहेत. घोटा आत कोसळला की टाचेचा खालचा भाग बाहेर सरकतो आणि वजन आतल्या कडेवर येतं. त्याला आम्ही व्हॅल्गस म्हणतो. तळवा आत वळला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे बघायला लागला, की वजन बाहेरच्या कडेवर. तो व्हॅरस. दुकानात "आत" म्हणजे नक्की काय म्हणाले देव जाणे.

आता बूट. टाचेची मागची-बाहेरची कड झिजणं हा आजार नाही, बहुतेकांची तिथेच झिजते. पाय हवेतून खाली येतो तेव्हा टाच किंचित आत वळलेली असते, त्यामुळे जमिनीला पहिल्यांदा बाहेरची कड लागते. लागल्या लागल्या टाच बाहेर लोळते, कमान थोडी बसते, घोटा आत येतो. हेच ते बदनाम प्रोनेशन. ते व्हायलाच हवं, कारण त्यातच धक्का जिरतो. त्यानंतर शरीर पावलाच्या पुढे जाता जाता टाच पुन्हा उलट वळते आणि पाऊल कडक होतं, कारण आता त्याला तरफ होऊन शरीर पुढे ढकलायचं असतं. चालीच्या एका आवर्तनात साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, तेवढ्यात हा सगळा खेळ उरकतो. आधी गादी, मग पहार.

हे जमतं टाचेच्या हाडाच्या आणि त्याच्यावर बसलेल्या घोट्याच्या हाडाच्या मधल्या सांध्यामुळे. सबटॅलर जॉइंट म्हणतात. त्याची बिजागरी सरळ बसवलेली नाही. ती जमिनीपासून सरासरी ४२ अंश वर उचललेली आणि पावलाच्या मधल्या रेषेपासून सुमारे १६ अंश आत वळलेली असते, माणसागणिक बराच फरक पडतो. तिरक्या बिजागरीमुळे टाच लोळली की नडगीसुद्धा स्वतःभोवती फिरते. आत्ता उठून बघा: अनवाणी उभे राहा, नडगीवर हात ठेवा, पावलाची कमान वर उचला आणि खाली सोडा. हाताखाली हाड फिरताना जाणवेल. टाचेचं दुखणं गुडघ्यात का जातं ते यातच आलं.

म्हणून नाना, चाकाची उपमा अर्धीच लागू पडते. चाकाचा कॅम्बर गाडी चालताना फारसा बदलत नाही. टाचेचा प्रत्येक पावलात दोनदा बदलतो. उभं असताना किती अंश कलली यापेक्षा चालताना ती किती हलते, कधी हलते आणि वेळेवर परत येते का, हे बघायचं असतं. काचेवर उभं करून ते दिसत नाही.

गोडोलीकर, पुढचं सांगण्याआधी घरी थोडं काम करा. पलंगावर पालथे झोपा, पावलं काठाबाहेर. वहिनींना पोटरीच्या खालच्या भागाच्या मधोमध आणि टाचेच्या हाडाच्या मधोमध बॉलपेनाने उभी रेघ मारायला सांगा. मग उभे राहा, मागून फोटो. मग दोन्ही चवड्यांवर, पुन्हा फोटो. शेवटी मागून चालतानाचा स्लो मोशन व्हिडिओ. आणि हो, परत पालथे झोपून वहिनींनी टाच हातात धरून आत-बाहेर हलवून बघावी. आत साधारण २० अंश आणि बाहेर १० अंश जाते, म्हणजे बाहेर निम्मीच. दोन्ही पायांत फरक आहे का एवढंच सांगा, कोनमापक नको. ते माप आम्हा दोन फिजिओंचंसुद्धा जुळत नाही.

कऱ्हाडी_धाव

म्हणजे मी म्हणतो तेच ना? अंशांना अर्थ नाही.

कृष्णाकाठ

नाही, तेच नाही. तुमचे पाय सपाट आहेत पण हलतात, म्हणून तुम्ही मजेत आहात. त्या ९२७ जणांवरून "सपाट पायाला घाबरू नका" एवढं म्हणता येतं. "कुठल्याही टाचेला काहीही चालतं" असं नाही म्हणता येत.

माणदेशी

ताई बराबर बोलत्यात. मी दहिवडीकडं भरतीची पोरं पळवतो. सपाट पाय असला की फौजेत घेत न्हाईत म्हणून निम्मी पोरं आधीच रडत येत्यात. पर मेडिकलच्या नियमात तसं न्हाई. चवड्यावर उभं केल्यावर कमान परत दिसली, पोरगं चवड्यावर नीट पळलं, उड्या मारल्या, पाऊल लवचिक हाय आन दुखत न्हाई, तर पास. पाऊल ताठ असंल तर मातर बाहेर. मी पयल्याच दिवशी शहाबादी फरशीवर वल्ल्या पायाचा ठसा घ्यायचो, आता ते सोडलं. चवड्यावर उभं करतो आन मागनं टाचा बगतो.

कृष्णाकाठ

माणदेशी दादा, माझ्या विद्यार्थ्यांना तुमच्याकडे पाठवते. चवड्यावर उभं राहिल्यावर टाच आत वळायला हवी. ती वळली म्हणजे सांधा मोकळा आणि स्नायू जागे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या पोराची टाच चवड्यावरही जागची हलली नाही, पाऊल ताठ राहिलं आणि खेळून आल्यावर दुखत असलं, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काहींच्या मागच्या पावलातली दोन हाडं जन्मतःच एकमेकांना जोडलेली असतात. लहानपणी तो जोड कूर्चेचा, म्हणून कळत नाही. या वयात त्याचं हाड व्हायला लागलं की पाऊल जखडतं.

आरुची_आई

मध्येच विचारते, सॉरी. मुलगी चार वर्षांची, पाय एकदम सपाट. जाऊबाई म्हणतात आत्ताच स्पेशल बूट घाला नाहीतर चाल बिघडेल.

कृष्णाकाठ

चवड्यावर उभी राहिली की कमान येते का? येत असेल तर जाऊबाईंना चहा पाजा आणि विषय बदला. या वयात सपाटच असतात. घरात अनवाणी खेळू द्या.

जतचा_पावणा

भाच्याचा पाय जन्मतःच आत वळलेला होता, टाच वर आणि आत. दर आठवड्याला प्लास्टर बदलून सरळ केला, शेवटी टाचेमागची शीर कापली. पोन्सेटी पद्धत म्हणतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या सरकारी पथकानेच पाठवलं होतं, खर्च आला नाही. आता रात्री पट्टीला जोडलेले बूट घालतो, चार वर्षांचा होईपर्यंत घालायला सांगितलंय. आजी म्हणते पोर रडतं, काढा. काढू का?

कृष्णाकाठ

अजिबात काढू नका. पाय परत वळतो तो बहुतेक वेळा त्या रात्रीच्या बुटांचा कंटाळा केल्यामुळेच. आजींना माझ्यातर्फे नमस्कार.

गोडोलीकर

फोटो काढले. बायकोने पोटरीवर रेघ मारताना "सातबाऱ्याची मोजणी चाललीय" म्हणून पोरांना हाक मारली. असो.

डावा पाय: पालथा झोपलो तेव्हा टाच किंचित आत. उभा राहिलो की सरळ. हाताने हलवली तर दोन्हीकडे जाते.

उजवा: झोपून आत, उभा राहूनही आतच. चवड्यावर गेलो तरी तेवढीच. बायको म्हणते बाहेरच्या बाजूला ढकलली तर "लाकूड ढकलल्यासारखं" लागतं. शिवाय उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागे, घट्टा आहे. तो मी बुटाचा समजत होतो. व्हिडिओत डावी टाच टेकल्यावर बाहेर लोळताना दिसते, उजवी टेकते आणि तशीच राहते. तीस वेळा बघितला. एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

खवचट_नाना

एकच बाजू ताठ? वर्कशॉपात असं चाक आलं की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो: गाडी कुठं ठोकली होती?

गोडोलीकर

नाना, पाय धरतो तुमचे.

२००६ साली आजोळी, वाईच्या पुढे, पावसाआधी कौलं शाकारायला वर चढलो होतो. वासा मोडला आणि खाली उभाच्या उभा आलो, भार उजव्या पायावर. टाचेच्या हाडाला चीर गेलीय म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. नंतर वर्षभर खडबडीत जागी लंगडायचो. मग राहिलं, म्हणजे मला वाटलं राहिलं. दुकानात पायाला पूर्वी काही झालंय का असं कुणी विचारलं नाही, आणि मलाही आठवलं नाही. माझ्या डोक्यात ते "पडलो होतो" या खात्यात होतं, "पाय" या खात्यात नव्हतंच.

कृष्णाकाठ

अहो दादा! हे पहिल्या ओळीत लिहायचं!

उंचावरून टाचेवर पडलं की वरचं हाड टाचेच्या हाडात पाचरीसारखं घुसतं. ते हाड भरून येतं खरं, पण बऱ्याचदा बुटकं, रुंद आणि आत वळलेलं. वरच्या सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बिघडलेला असला तर तो ताठरतो. तुमचं असं झालं असण्याची शक्यता मोठी आहे. नक्की सांगायला एक्सरे लागेल.

दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा, तुमच्यासारखं उदाहरण वर्गात शिकवायलाही मिळत नाही. डावी टाचसुद्धा मुळात थोडी आत वळलेलीच आहे, पण सांधा मोकळा असल्याने ती लोळून जमिनीला पूर्ण टेकते. हिला भरपाई केलेला व्हॅरस म्हणतात. ही भरपाई जास्तच करावी लागली तर टाच दर पावलाला लोळत राहते, मग कुणाची आतली शीर दुखते, कुणाला टाचेच्या मागे बुटाच्या काठाशी गाठ येते. तुम्हाला यातलं काही नाही, तर डाव्याला हात लावायचा नाही.

उजवीला भरपाई करताच येत नाही. ती बाहेरच्या कडेवर उतरते आणि तिथेच राहते. परिणाम असा की पाऊल गादी होतच नाही, पहिल्या क्षणापासून पहार. धक्का जिरत नाही, तो वर जातो. वजन बाहेरच्या कडेने सरकतं, म्हणून घट्टा. अशा पायात करंगळीच्या मागच्या लांब हाडाला बारीक चीर जायची भीती असते, तिथे हाडावर दाबून दुखत असेल तर पळणं आजच बंद. आणि जांभ्यावर तुम्ही का पडलात? खाचखळग्याप्रमाणे टाच डावी-उजवी झुकवणं हे याच सांध्याचं काम. तो जखडला की जमिनीचा प्रत्येक तिरकेपणा घोट्याला सोसावा लागतो.

आता इनसोल. आधीच बाहेरच्या कडेवर तोलून उभ्या असलेल्या पायाखाली आतल्या बाजूने उंचवटा सरकवला. सांधा मोकळा असता तर त्याने थोडं सोसून घेतलं असतं. तुमच्या पायाला त्याने आणखी बाहेर ढकललं. मेथीचा दोष नाही.

कऱ्हाडी_धाव

बरोबर, म्हणजे इनसोल फेका हे माझं बरोबरच होतं 😀

शाळेतली_बाई

मी मिरजेची, वय ५६. शाळेत दिवसभर उभं राहणं. धागा वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिते. माझा डावा पाय दोन वर्षांपूर्वीपर्यंत उजव्यासारखाच होता. आता कमान बसली आहे, घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे सूज असते. मुलगी म्हणते, आई, मागून बघितलं की तुझी डाव्या पायाची बोटं बाहेर जास्त दिसतात. डाव्या एका पायाच्या चवड्यावर मला उभंच राहता येत नाही, धरून सुद्धा. मलाही इनसोल फेकायला सांगताय का?

कृष्णाकाठ

बाई, तुम्ही अजिबात फेकू नका. किंबहुना तुम्हाला तसंच काहीतरी लागेल.

मोठ्या वयात, एकाच पायाची कमान बसत गेली, आतल्या घोट्यामागे सूज, मागून जास्त बोटं दिसणं, एका पायावर टाच न उचलणं. या वर्णनात टिबिआलिस पोस्टेरिअर नावाच्या स्नायूची दोरी थकलेली असण्याचा संशय सगळ्यात आधी येतो. ती घोट्यामागून वळसा घालून पावलाच्या आतल्या कडेला बांधलेली असते आणि मघाशी म्हटलं ते "गादीची पहार करणं" मुख्यतः तिचंच काम. ती सैल पडली की टाच बाहेर लोळते आणि परत येत नाही. चाळिशीनंतर, बायकांत, वजन किंवा मधुमेह असेल तर हे जास्त दिसतं. सध्या पाऊल हाताने वळतं का? वळत असेल तर आधार, पट्टा, व्यायाम यांनी पुष्कळ काही हाती लागतं. वर्ष-दोन वर्षं तसंच उभं राहिलात तर ते आहे त्या जागी ताठतं, मग ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना तोटा नाही. या आठवड्यात जा.

कऱ्हाडी, बघा. एकच इनसोल, एकाला पाडतो आणि दुसरीला उभं ठेवतो.

शाळेतली_बाई

हाताने वळतं. शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी जाते.

चांभारवाडा_कराड

तीन पिढ्या चपला शिवतो. झिजलेली टाच हातात आली की माणूस कसा चालतो ते आम्हाला न बघता कळतं, पण कुणी विचारत नाही. गोडोलीकर साहेब, तुमच्यासारख्या पायाला बाबा बाहेरच्या बाजूला टाचेचा सोल बोटभर रुंद काढायचे, खाली गेल्यावर पसरट. पाय पलटी मारत नाही. आत काही घालायचे नाहीत.

कृष्णाकाठ

दादा, पुस्तकात त्याला फ्लेअर म्हणतात आणि चित्रही तेच काढतात. सोबत बाहेरून पातळ पाचर देतात, पण ती एक्सरे बघूनच.

गोडोलीकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उभं करून एक्सरे, शिवाय टाचेचा मागून तिरका एक, मग सीटी. टाचेचं हाड आत वळून जुळलंय आणि वरच्या सांध्याची जागा एका बाजूला कमी झालीय. करंगळीमागचं हाड शाबूत. हाडातून पाचर कापून टाच सरळ करायचं ऑपरेशन असतं, ड्वायर नावाच्या सर्जनने १९५९ मध्ये मांडलेलं, पण सांधा झिजलेला असेल तर तेवढ्याने भागत नाही, सांधाच जोडावा लागतो, असं त्यांनी समजावलं. मला आत्ता यातलं काही नको म्हणाले. रोज सपाट रस्त्यावर पळा, घाट चढा पण उतरताना चाला, कास-पठारावर पळणं बंद. घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंसाठी रबराच्या पट्ट्याचे व्यायाम दिलेत, आणि एका पायावर उभं राहून दात घासायचे. पहिल्या दिवशी बेसिन धरून घासले.

बुटाला राजवाड्याजवळच्या एका कारागिराकडून बाहेरच्या बाजूने सोल रुंद करून घेतला. दीडशे रुपये. गेल्या रविवारी आठ किलोमीटर, एकदाही पाय पलटला नाही. दिसायला बूट बदकासारखा दिसतो.

सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनचं अजून ठरलेलं नाही. उतार चालत आलो तर वेळेत बसेन का, हिशोब करतोय.

बाई, तुमचं काय झालं? साडेचार हजारांचे इनसोल इथे नुसते पडून आहेत, हवे असतील तर एसटीने पाठवतो.

शाळेतली_बाई

दोरीला सूज आहे, तुटलेली नाही. सहा आठवडे पट्टा घालायचा आणि वर्गात खुर्चीवर बसायचं. मुलं खूश आहेत. इनसोलबद्दल धन्यवाद, पण तुमचा पाय नऊ नंबरचा असणार, माझा पाच.

चांभारवाडा_कराड

दीडशेत लावलाय म्हणजे नुसता सोल्युशनवर चिकटवला असणार. पावसाच्या आत कडेने शिवून घ्या, नाहीतर घाटात सुटेल.